वंशावळ काढून देतो म्हणून ४३,५०० रुपयांना गंडा (सातारा-सांगलीकरांनी जरूर वाचावं)

आगाऊ १५,०००. 'पुरालेखागाराचं शुल्क' ८,५००. मोडीचं लिप्यंतर, पानाला ६०० प्रमाणे २० पानांचे १२,०००. 'प्रमाणित नकलां'चे ८,०००. एकूण ४३,५०० रुपये. त्या बदल्यात मिळाली लॅमिनेशन केलेली सहा पिढ्यांची वंशावळ, आणि तिच्यातल्या वरच्या तीन पिढ्या चक्क बनावट.

२०२३ मध्ये मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्या. शिंदे समिती नेमली, कुणबी जातीच्या दाखल्यासाठी घरोघर नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हापासून आपल्या भागात मोडी वाचणाऱ्यांची सुगी आहे. त्यात खरे जाणकार आहेत, तसे हे भामटेही आहेत. पद्धत तुम्हाला ठाऊकच असेल. पहिली नोंद अस्सल आणि फुकट दाखवायची, विश्वास बसला की टप्प्याटप्प्यानं पैसे काढायचे. आम्हाला दाखवलेला पहिला फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) खराच होता. शिवाय गळ्यात मोडी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, तोंडात 'रुमाल', 'दफ्तर', 'कडईपत्रक' असे जुन्या कागदपत्रांतले शब्द. अशा माणसावर संशय घ्यायचा तरी कशावरून? मोडी वाचणारी पिढी घराघरातून केव्हाच गेली. आणि प्रमाणपत्र वाचता येतं एवढंच सांगतं, नियत सांगत नाही.

पण तो एक कागद! 'जन्माची नोंद, सन १८९९, तालुका तासगाव, जिल्हा सांगली.' जिल्हा सांगली, १८९९ मध्ये! अहो, तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं आणि तासगाव तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'दक्षिण सातारा' अजून आहे. लिप्यंतराच्या पानावर ठळक बाळबोधीत (देवनागरीत) ते दोन शब्द छापलेले होते, चारचौघांनी वाचले, आणि त्यानंतर नकलांचे ८,००० दिले. या आठ हजारांचा जास्त संताप येतो. तेवढे तरी वाचले असते.

आता बाकीच्या खुणा, म्हणजे दुसरं कोणी अडकणार नाही. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जातात. शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. या कागदावर शब्द सुटे, वेलांट्या शुद्ध, आणि प्रत्येक 'क' हुबेहूब सारखा. संगणकाचा फॉन्ट, दुसरं काय! गाव नमुना १४ (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही) मधली जन्माची नोंद बारशाच्या आधीची असते, म्हणून तिथं बहुधा 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच आणि बापाचं नाव, तेही 'अमका बिन तमका' (म्हणजे तमक्याचा मुलगा अमका) असं. आडनाव पुष्कळदा नसतंच. आमच्या कागदात बाळाचं नाव, आडनाव, आजोबा, पणजोबा सगळे एका ओळीत हजर! सालही तपासा. इसवी सनातून ७८ वजा केले की शक येतो, वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ७९. म्हणजे १८९९ ला शके १८२० किंवा १८२१ हवा. इथं १८३१.

आणखी एक. 'पेशवे दफ्तर, पुणे' (जुन्या कागदपत्रांचं सरकारी पुरालेखागार) एवढा संदर्भ म्हणजे काहीच नाही. तिथले कागद रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यात, बांधलेले असतात. कोणतं दफ्तर, कितवा रुमाल, हे सांगता आलं नाही तर तो माणूस तिथं गेलेलाच नाही. 'हेळव्याच्या (घरोघर फिरून वंशावळी सांगणाऱ्याच्या) चोपडीशी ताडून घेतलंय' या थापेलाही भुलू नका. हेळवी दारात येतो, तेव्हा त्याला समोर बसवून नावं वदवून घ्या. नावांचा क्रम जुळवायला चोपडी उत्तम, पण दाखल्यासाठी पिढ्यांची साखळी जोडायला सरकारी कागदच लागतात.

आता पोलीस. पहिलं उत्तर, 'हा दिवाणी मामला.' का, तर पैसे राजीखुशीनं दिले! सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणे हा सायबर गुन्हा नाही, ठाण्यात जा. ठाणं म्हणतं, कागद खोटा आहे हे तहसीलकडून लिहून आणा. तहसीलचा कारकून म्हणतो, आमच्याकडे नसलेल्या कागदाबद्दल आम्ही काय लिहून देणार? म्हणजे बनावट कागद बनावट आहे हे सिद्ध करायचं फसलेल्यानं, साहेब नुसते शिक्के सांभाळणार. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, बनावट दस्तऐवजाला ३३६. हे ठाण्यातल्यांना आम्ही सांगायचं का? तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. तिथंही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, पण मुदत दोन वर्षांचीच.

काम द्यायचंच असेल तर नकलेचा अर्ज स्वतःच्या नावानं करा आणि पोच स्वतःजवळ ठेवा. मूळ पानाबरोबर नोंदवहीच्या मुखपृष्ठाचाही फोटो मागा. पैसे पानागणिक, पान हातात आल्यावर. क्यूआर कोडवर भलत्याचंच नाव आलं तर तिथंच थांबा (आमच्या वेळी आलं होतं, 'मेव्हण्याचं खातं' म्हणाला). एखादं पान दुसऱ्या मोडी वाचकाला, पहिल्याचं लिप्यंतर न दाखवता, वाचायला द्या, शे-पाचशे जातील. आणि असला कागद जातीच्या दाखल्याला चुकूनही जोडू नका. खोट्या कागदावर दाखला काढणं हा २००० च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि अर्जावर सही तुमची असते, त्याची नाही.

बोभाटा झाल्यावर 'कागद परत पाठवा, दुरुस्त करून देतो' असा निरोप येतो. पाठवू नका. पुरावा तोच आहे.