डेटॉल : ‘अँटिसेप्टिक’ या शब्दाच्या कसोटीवर

डेटॉलच्या बाटलीवर छापलेला ‘अँटिसेप्टिक’ हा शब्द नेमके काय सांगतो, ते आधी पाहावे आणि मगच त्या द्रवाची पारख करावी, असे मला वाटते.

ग्रीक भाषेत ‘सेप्सिस’ म्हणजे कुजणे. ते रोखणारे ते अँटिसेप्टिक. सैन्यात वैद्यक करणाऱ्या जॉन प्रिंगल यांनी मांस कशाने कुजायचे थांबते याचे प्रयोग क्षार, कापूर, बोळ अशा पदार्थांवर केले आणि 1750 च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांवर निबंध वाचले. हा शब्द वैद्यकात रुळला तो तेव्हापासून. कुजण्यामागे जंतू असतात हे त्या काळी सिद्ध झालेले नव्हते, त्यामुळे शब्दात त्यांचा उल्लेखच नाही. पुढे पाश्चर यांच्या जंतूंवरील संशोधनाच्या आधारे शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगोमध्ये जखमांवर कार्बोलिक ॲसिड वापरले, 1867 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि या शब्दाला जंतूंचा संदर्भ कायमचा चिकटला. मराठी परिभाषेतील ‘पूतिरोधक’ (पूति म्हणजे कुजणे) हा प्रतिशब्द मात्र मूळ अर्थाशी इमान राखतो. औषधाच्या दुकानात तो कोणी उच्चारत नाही, हा भाग निराळा.

डेटॉलमधील मुख्य घटक क्लोरोझायलेनॉल, प्रमाण 4.8 टक्के. तो लिस्टर यांच्या कार्बोलिक ॲसिडच्या, म्हणजे फिनॉलच्याच कुळातला, परंतु त्वचेला पुष्कळ सौम्य आहे. पाण्यात ओतताच द्रव दुधाळ होतो तो त्यातील तेलकट घटक बारीक थेंबांच्या रूपाने विखुरल्यामुळे. त्याचा ताकदीशी संबंध नाही. खरचटलेली त्वचा किंवा लहानशी चीर धुण्यासाठी एक भाग डेटॉल आणि वीस भाग पाणी हे प्रमाण पाळले, तर हे औषध आपले काम चोख बजावते. झोंबले म्हणजे लागू पडले, या समजुतीने ते तसेच जखमेवर ओतले जाते, ते मात्र चूक आहे; त्याने त्वचेला इजाच होते.

स्युडोमोनाससारख्या जंतूंपुढे हे रसायन दुबळे पडते आणि जंतूंच्या बीजाणूंवर, म्हणजे त्यांच्या टणक, सुप्त रूपांवर, त्याचा प्रभाव पडत नाही. म्हणून खोल जखमेला किंवा कुत्र्याच्या चाव्याला डेटॉल लावून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांकडेच जावे. प्रथमोपचारासाठी बाटली घरात जरूर ठेवावी. रोजची फरशी पुसण्यासाठी मात्र मी तिची शिफारस करणार नाही. मांजर असलेल्या घरात तर नाहीच, कारण फिनॉलवर्गीय रसायने मांजराच्या यकृताला पेलत नाहीत.