पांढऱ्या लॅपटॉपवर मेलामाइन स्पंज : उन्हाळा ते दिवाळी वापरल्यानंतर

माझा लॅपटॉप पांढऱ्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचा, बराच जुना, पण काम चोख करतो. मार्चमध्ये त्याची अवस्था अशी होती : तळहात टेकतात तिथे दोन तपकिरी डाग, स्पेसबारवर अंगठा पडतो तिथे काळपट चिकटा, आणि झाकणाच्या वरच्या कडेला पिवळट झाक. दिवसभर टायपिंगचं काम, त्यात पुण्यातला उन्हाळा, म्हणजे घाम आलाच. तेव्हापासून मी दोन गोष्टी वापरतेय. एक, 'मॅजिक स्पंज' म्हणून मिळणारा मेलामाइन फोमचा पांढरा तुकडा. दुसरी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाल्यांचं आयपीए. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत ते सहज मिळतं.

स्पंजबद्दल आधी सांगते, कारण विचारणा त्याचीच जास्त होते. पहिल्यांदा वापरला तेव्हा मी खरंच थक्क झाले. ओला करून घट्ट पिळला, डाव्या डागावर चार-पाच हलके हात फिरवले, आणि स्पंजवर राखाडी ओघळ उतरला. खाली मूळचा पांढरा रंग! डिटर्जंटच्या पाण्याने महिनोन्‌महिने न हललेला मळ होता तो.

पण हा स्पंज मळ विरघळवत नाही, खरवडतो. मेलामाइनचा फोम मऊ लागतो, तरी त्याची सूक्ष्म जाळी कडक असते आणि अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखी चालते. (मुळात हा फोम आवाज शोषण्यासाठी भिंतींना लावतात.) म्हणजे प्रत्येक वेळी मळाबरोबर प्लास्टिकची किंचित झिलईही जाते. पहिल्या महिन्यात हे कळत नाही. पावसाळा संपेपर्यंत मात्र लॅपटॉप ट्यूबलाइटखाली तिरका धरला की स्पष्ट दिसायला लागलं : बाकी भाग चकचकीत, आणि तळहाताच्या जागी दोन मंद पट्टे. शिवाय त्या खरखरीत झालेल्या जागी मळ आधीपेक्षा लवकर धरतो. खरेदीनंतर दोन दिवसांत पाच तारे देणाऱ्यांना हे दिसणं शक्यच नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

त्यामुळे आता स्पंज अगदी क्वचित, आणि तोही फक्त जुन्या, मुरलेल्या मळासाठी. नेहमीच्या साफसफाईला आयपीए पुरतं. तळहाताचा मळ म्हणजे त्वचेचं तेल, घाम आणि त्यावर बसलेली धूळ. यातलं तेल अल्कोहोलमध्ये सुटतं आणि बाकीचं आपोआप निघून येतं. मशीन बंद, चार्जर काढलेला, निघत असेल तर बॅटरीही बाहेर. मायक्रोफायबरच्या कापडावर थोडंसं घ्यायचं, थेट लॅपटॉपवर कधीही ओतायचं वा फवारायचं नाही. कीबोर्डच्या फटींसाठी इअरबड, म्हणजे कापूस लावलेली काडी. आधी तळाच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लावून बघा, आणि भिजत ठेवू नका. खिडकी उघडी हवी, गॅस किंवा उदबत्ती जवळ नको. आयपीए झटकन पेटतं.

अक्षरं छापलेल्या कीजवर आणि स्क्रीनवर स्पंज अजिबात नको. छपाई झिजते, स्क्रीनचा थर खराब होतो. नेलपॉलिश रिमूव्हरचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका : त्यातलं ॲसिटोन पॉलिकार्बोनेटला बारीक तडे पाडतं आणि ती जागा कायमची धुरकट होते. टूथपेस्टही खरवडतेच, वर फटींमध्ये पांढरी पूड अडकवते.

हळदीचा डाग ही आपल्याकडची वेगळीच गोष्ट. जेवता जेवता काम करणाऱ्यांना ती माहीत असेल. माझ्या टचपॅडशेजारी वरणाचा थेंब पडून पिवळा ठिपका राहिला होता. घासायची गरज नव्हती. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात मोडतं. टेबल खिडकीजवळ सरकवलं, सकाळचा उजेड त्या जागेवर येऊ दिला आणि काही दिवसांत ठिपका फिका होत दिसेनासा झाला. भर उन्हात मात्र लॅपटॉप ठेवू नका. बॅटरीला उष्णता वाईट.

राहिली झाकणाची पिवळट कड. तिथे स्पंजही चालला नाही, आयपीएही नाही, आणि चालणारही नव्हतं. ते वर बसलेलं नाही. उजेड आणि उष्णतेने प्लास्टिकच आतून बदललेलं आहे. जुन्या कॉम्प्युटरांचे शौकीन असं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवतात आणि ते उजळतंही. पण त्यासाठी झाकण पूर्ण सुटं करावं लागतं, डोळे आणि हात जपावे लागतात, द्रव असमान लागलं तर पट्टे उमटतात, आणि पिवळेपणा पुढे परतू शकतो. रोजच्या कामाच्या मशीनसाठी मी हे करणार नाही, इतरांनाही सुचवणार नाही.

स्पंज घ्यायचाच असेल तर मोठं पाकीट नको. घासताना तो स्वतःच झिजून संपतो, पण कात्रीने काडेपेटीएवढे तुकडे करून वापरले तर एक वडी कितीतरी दिवस जाते. आणि लॅपटॉप चकचकीत असेल तर त्याआधी आयपीएची छोटी बाटली घ्या. माझे निम्म्याहून अधिक डाग तिनेच गेले असते.