कोपऱ्यावरचं पाण्याचं एटीएम, दीड वर्ष वापरल्यानंतर

आमच्या भागात, सांगलीत विश्रामबागच्या पुढं, बागेच्या कंपाउंडला लागून पाण्याचं एटीएम बसलंय त्याला आता दीड वर्ष होत आलं. कुणाचं आहे ते नाव लिहीत नाही, अशी मशिनं आता गावोगाव झालीत आणि मला कुणा एका ठेकेदाराच्या मागं लागायचं नाही. रोज कॅन घेऊन जातोय तेव्हा जे दिसलं ते लिहितो.

आधी चांगलं सांगतो. 5 रुपयाचं नाणं टाकलं की 20 लिटर, चव चांगली, पाणी गार नसतं पण स्वच्छ दिसतं. घरपोच जारपेक्षा लय स्वस्त पडतं आणि पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आलं की आई हंड्यात तुरटी फिरवत बसायची ते बंद झालं. शेजारच्या काकू एकट्या राहतात, त्या 5-5 लिटरच्या दोन बाटल्या भरून नेतात, त्यांना घरात फिल्टर बसवणं परवडणारं नाही. त्यामुळं मशिनच नको असं म्हणणाऱ्यातला मी नाही.

आता बाकीचं. नळीच्या तोंडाला फडकं बांधलंय ते मी दीड वर्षात एकदाच बदललेलं बघितलंय, आत बोट घातलं तर शेवाळ लागतं. पाणी कधी तपासलं, रिपोर्ट काय आला, त्याचा कागद कुठंच लावलेला नाही, नुसता बोर्ड आहे "शुद्ध पाणी" म्हणून आणि खाली एक मोबाईल नंबर. गेल्या जुलैमध्ये मशिन 9 दिवस बंद होतं आणि बंद असूनसुद्धा नाणी गिळत होतं, माझी दोन गेली. त्या नंबरवर फोन लावला तर पलीकडचा माणूस दर वेळी "मेंटेनन्सवाल्याला सांगितलंय" एवढंच म्हणायचा. ठेका कुणाला दिलाय, किती वर्षाचा, मशिन बंद पडलं तर दंड काय, हे विचारलं तर त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. नळाला पाणी आलं नाही तर आम्ही वॉलमनला गाठतो, नाही ऐकलं तर नगरसेवकाच्या दारात जातो, बायका घागरी घेऊन मोर्चा काढतात. मशिनच्या दारात मोर्चा काढून काय उपयोग?

आणि खरी गोष्ट मला मागच्या बाजूला गेल्यावर कळली. मशिनला बोअर नाहीच, कनेक्शन सार्वजनिक लाईनवरनंच घेतलंय. म्हणजे ज्या पाण्याची पाणीपट्टी आपण भरतो तेच कृष्णेचं पाणी आत जातं आणि आपणच ते परत नाणं टाकून घेतो. मागं एक पांढरी पाईप थेट गटारीत सोडलीय, आरओतनं, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या फिल्टरमधनं, बाहेर टाकलेलं पाणी त्यातनं जातं. मी घरनं 15 लिटरची बादली आणून त्या पाईपखाली धरली तर दोन मिनिटांच्या आत भरली, आणि प्लँट तर तासन्‌तास चालू असतो.

भाच्याचा टीडीएस मीटर आहे, म्हणजे लिटरमागं किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा, त्यानं नळाचं पाणी मोजलं तर 210 आलं, मशिनचं 38. सरकारी मानकात 500 पर्यंतचं पाणी प्यायला चालतं, आणि राष्ट्रीय हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणानं, 2019 ला सांगितलं होतं की टीडीएस 500 च्या खाली असेल तिथं आरओवर बंदी घाला, कारण पाणी फुकट जातं. म्हणजे क्षार काढायची आपल्याला गरजच नाही, आपला प्रश्न गढूळपणाचा आणि जंतूंचा आहे आणि टीडीएस मीटरवर जंतू दिसत नाहीत. शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत मिसळतं हे सांगलीत लहान पोराला पण ठाऊक आहे. तो नाला आवरला, गाळणी आणि क्लोरीन नीट ठेवलं तर ते पाणी घराघरात पोचेल. मशिनचं फक्त नाणं टाकणाऱ्याला.

हे होत नाही असं कुणी म्हणू नये. कराडजवळ मलकापूरला माझी आक्का राहते, तिथं बरीच वर्षं झाली चोवीस तास पाणी आहे, प्रत्येक घराला मीटर, जास्त वापरलं की पुढचा दर चढा. आक्काकडं गेलो की मी नळाचंच पितो, घरात साठवणीची पिंपं पण नाहीत. योजना गावाची, दर गावानं ठरवलेला. मीटर आणि पाईप कंपन्यांकडनंच घेतले असणार की, त्यात वावगं काही नाही.

कंपनीनं काम करावं, पण पाण्याचा मालक होऊ नये, माझं म्हणणं एवढंच आहे. नागपूरनं 2012 ला सगळ्या शहराचा पुरवठा 25 वर्षांच्या करारावर चालवायला दिला, तिथं बिलावरनं आणि चोवीस तासांच्या वायद्यावरनं वाद अजून चालूच आहेत. पॅरिसनं 25 वर्षं दोन कंपन्यांकडं पाणी देऊन बघितलं, 2010 ला परत शहराकडं घेतलं आणि पुढच्याच वर्षी दर 8 टक्क्यांनी खाली आणला. आणि आपल्या मिरजेतनं एप्रिल 2016 च्या दुष्काळात लातूरला पहिली पाण्याची रेल्वे गेली, 10 टँकर, 5 लाख लिटर, ते रेल्वे आणि सरकारी यंत्रणेनंच केलं ना. तो दिवस आठवला की अजून ऊर भरून येतो.

तर स्टार पाचपैकी तीन. पाण्याला चार दिले असते, पण फोन, फडकं आणि त्या गटारीतल्या पाईपचे कापले. मी वॉर्डात लेखी अर्ज दिलाय: ठेक्याची मुदत, दंडाची अट आणि दर महिन्याचा पाणी तपासणीचा रिपोर्ट मशिनवरच लावा, आणि मागचं पाणी निदान बागेला तरी सोडा, बाग भिंतीपलीकडंच आहे. पोच घेतलीय. कॉलनीतल्या 40 जणांनी सही केलीय, काकूंची पहिली आहे. अजून कुणाला करायची असेल तर संध्याकाळी सहानंतर मी मशिनपाशीच असतो, आणि येताना कॅन आतनं ब्रशनं घासून आणा, नळीचं तोंड पुसल्याशिवाय भरू नका.