१६ टीबीची डबी

दिवाळीत घरी नवा कॉम्प्युटर घेतला. आत जागा ५१२ जीबी, आणि पंधरा वर्षांचे फोटो-व्हिडिओ जुन्या लॅपटॉपवर. ऑनलाइन शोधताना १६ टीबीची (टीबी म्हणजे साधारण हजार जीबी) पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची बाहेरून जोडायची डिस्क, दिसली, १,८९९ रुपयांना. नावाजलेल्या कंपनीची १ टीबीचीही या भावात मिळत नाही, हे मला माहीत होतं. तरी घेतली. हाव सुटली, दुसरं काय!

जोडली तर विंडोजमध्ये १४.५ टीबी दिसले. उलट विश्वासच बसला, कारण कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या. १ टीबीची अस्सल डिस्कही ९३१ जीबीच दाखवते, ती फसवणूक नव्हे. कॉपी मात्र सेकंदाला जेमतेम १० एमबीने रांगत होती. तिथंच शंका यायला हवी होती. मी रात्रभर चालू ठेवून झोपलो.

सकाळी फोल्डर जागच्या जागी. नावं, तारखा, साइज सगळं बरोबर. लॅपटॉप पुसून भाच्याला देऊन टाकला. महिन्याभराने आई म्हणाली, "मुंजीचे फोटो लाव रे." भिक्षावळीचा फोटो उघडला: वर चार बोटं मांडव, खाली नुसतं करडं. पुढचे उघडेचनात.

डबी उचकटली. आत मोबाइलमध्ये घालतो तसलं ६४ जीबीचं मेमरी कार्ड गोंदाने चिकटवलेलं, आणि वजन लागावं म्हणून लोखंडी पट्टी. कॉम्प्युटरने विचारलं की १६ टीबी सांगायचं, एवढं आतल्या कंट्रोलर चिपला पढवून ठेवलेलं. फाइलींची यादी सहसा सुरुवातीच्या जागेत नोंदली जाते, म्हणून नावं शाबूत दिसतात. कार्ड भरल्यावर आलेला डेटा एकतर हवेत जातो, नाहीतर आधीच्याच्या उरावर लिहिला जातो.

परत करायची मुदत ७ दिवसांची होती. विक्रेत्याचं पानही आता सापडत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे.

कुणी अशी डबी मागवून बसला असाल तर मुदत संपायच्या आत एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हा विंडोजवरचा तपासणीचा प्रोग्राम चालवा, फुकट आहे, लिनक्सवर एफथ्री (F3). ते डिस्कवर लिहून परत वाचून बघतं. माझ्या डबीच्या वेगाने अख्खे १६ टीबी लिहायलाच १८ दिवस लागले असते, तेव्हा आधी १०० जीबीपुरतं तपासा. आत माझ्यासारखं ६४ जीबीचं कार्ड असेल तर तेवढ्यातच उघडं पडतं, त्याहून मोठं असेल तर आणखी लिहून बघावं लागतं. तोवर जुन्या प्रतीला हात लावू नका.

मावशीने व्हॉट्सॲपवर मुंजीचे अकरा फोटो धाडलेत, पुसट. आईला तेवढेच लावून दिले.