चार्ज होणारे पेन्सिल सेल : अडीच वर्षांच्या वापरानंतर

बरेच महिने कपाटात पडून राहिलेली टॉर्च उघडली, तेव्हा स्प्रिंगवर मिठासारखा पांढरा, भुसभुशीत थर चढलेला होता आणि एक सेल नळीत घट्ट अडकून बसला होता. ते साधे अल्कलाइन सेल होते. त्यांच्यात जस्ताची भुकटी आणि मँगनीज डायऑक्साइड यांच्या जोडीला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दाहक द्रावण असते. सेल पार उतरला की आत हायड्रोजन वायू साचतो, त्याच्या दाबाने सील फाटते, द्रावण झिरपते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तो पांढरा थर तयार होतो. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या बोळ्याने तो पुसला, पण स्प्रिंग वाचली नाही. त्यानंतर निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे डबल ए आकाराचे चार सेल, चार्जरसह, घेतले.

अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टपासून सुरू होऊन वापरासोबत सतत घसरत जातो, तर हे सेल 1.2 व्होल्टच्या आसपास बराच काळ टिकून राहतात आणि शेवटी एकदम उतरतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा मुलांची मोटार अशा जास्त वीज खाणाऱ्या वस्तूंमध्ये हा फरक लगेच जाणवतो आणि तिथे हे सेल मला फार उजवे वाटले. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र त्यांची गरज नाही. तिथे अल्कलाइनच बरा. काही उपकरणे 1.2 व्होल्ट पाहून सेल संपत आल्याचे दाखवतात, तेवढ्यावरून ते काढू नयेत.

या प्रकारच्या जुन्या सेलांचा चार्ज नुसता ठेवूनही काही आठवड्यांतच बराच उतरत असे. 2005 साली बाजारात आलेल्या, हळू उतरणाऱ्या जातीने ती अडचण दूर केली. माझे सेल त्याच जातीचे असून सहा महिने ठेवून दिल्यावरही फ्लॅशमध्ये नीट चालले. चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासून भरतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण जोडीने भरणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये एक सेल अर्धवट राहतो आणि दुसरा नाहक तापतो. वापरतानाही चारही एकत्रच घालावेत. नव्यांत जुना मिसळला, तर तो आधी संपतो आणि उरलेले सेल त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्याने त्याची धन-ऋण टोके उलटी होऊन तो निकामी होऊ शकतो.

सोबत मिळालेली प्लास्टिकची डबी साधी असली तरी मोलाची आहे. किल्ल्या आणि नाण्यांसोबत सुटे सेल ठेवले, तर टोके जोडली जाऊन ते तापतात. फ्रिजची आवश्यकता नाही, उलट तिथून काढल्यावर सेलांवर दव धरते. कोरडी, थंड जागा पुरेशी आहे.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. वेष्टनावर फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह आहे, म्हणजे सेल घरच्या कचऱ्यात टाकू नये, पण मग तो द्यायचा कुठे, याबद्दल एक ओळही नाही. यातले निकेल परत मिळवता येते, म्हणून तो बॅटरी किंवा ई-कचरा संकलनातच जायला हवा आणि जाळू तर मुळीच नये. लिथियम आणि 9 व्होल्टच्या बॅटऱ्यांची टोके देण्याआधी चिकटपट्टीने झाकावीत, नाहीतर कचऱ्यातच आग लागू शकते. माझ्या चारांपैकी एक सेल आता चार्ज धरत नाही. तोही टोके झाकून, संकलनाला नेण्यासाठी वेगळ्या बरणीत ठेवला आहे.