सोनेरी मुलाम्याचा ‘टायटॅनियम’ बोल्ट: सीटपोस्टचा बोल्ट बदलून घेताना झालेली फसवणूक

एका रोड बाइकच्या सीटपोस्टचा, म्हणजे बसण्याची सॅडल धरणाऱ्या नळीचा, बोल्ट तुटला. अ‍ॅल्युमिनियमचा, २७.२ मिमीचा साधा सीटपोस्ट. सॅडलखालच्या दोन दांड्या, म्हणजे रेल, धरायला वर दोन एम६ (६ मिमी व्यासाचे) बोल्ट. त्यांतला पुढचा बोल्ट नटात शिरतो तिथेच तुटला. दुकानात आधी सांगण्यात आलं की तुकडा आत अडकलाय, सीटपोस्टच नवा घ्यावा लागेल. गिऱ्हाईक तयार होईना, तेव्हा ‘ओरिजिनल टायटॅनियम’ बोल्ट बसवून दिला. बोल्टचे ९५० रुपये, मजुरीचे ३००. बिल नाही, तुटलेले तुकडेही परत नाहीत. महिनाभरात सॅडल पुन्हा डुलायला लागली. बोल्ट काढून पाहिला तर मधे ताणून बारीक झालेला, आणि चुंबक जवळ नेताच खटकन चिकटला. टायटॅनियमला चुंबक लागतच नाही.

यात तीन खोट्या गोष्टी आहेत आणि तिन्ही ओळखता येतात.

पहिली, ‘सीटपोस्ट गेला’. दोन बोल्टांच्या बहुतेक सीटपोस्टमध्ये बोल्टाचे आटे सीटपोस्टच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये नसतातच. एक छोटा दंडगोल नट आडवा बसवलेला असतो, बोल्ट त्यात फिरतो. बोल्ट तुटला की तुकडा त्या नटात राहतो आणि नट बाजूने ढकलून बाहेर काढता येतो. तुटल्यावर बोल्टावरचा ताण गेलेला असतो, त्यामुळे गंज नसेल तर तुकडा सहज फिरतो. नट व्हाइसमध्ये धरायचा, पलीकडून डोकावणारं टोक पकडीने फिरवायचं. घामाच्या मिठाने गंजून बसला असेल तर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवायचा. तरीही निघाला नाही तर नट नवा घ्यायचा. उगाच ड्रिल मारत बसू नये. १२.९चा, म्हणजे सर्वांत कडक दर्जाचा बोल्ट (या आकड्यांचा अर्थ पुढे येतो) साध्या ड्रिल बिटला दाद देत नाही, आणि त्यात तुकडा काढायचं हत्यार मोडलं तर ते बोल्टापेक्षाही कडक असतं.

सीटपोस्ट खरोखर बाद होतो तो वेगळ्या कारणांनी: डोक्याजवळ चीर गेली असेल, कार्बनचे थर सुटले असतील, किंवा आटे थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये असून ते झिजले असतील. शेवटच्या प्रकारातही जागा असेल तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवता येतं. फ्रेमवर सीटपोस्ट आवळणाऱ्या कॉलरचा एम५ बोल्ट तुटला असेल आणि कॉलर सुटी असेल, तर सरळ कॉलरच बदला. ‘सीटपोस्ट गेला’ म्हणणाऱ्याला चीर कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट ‘टायटॅनियम’. चुंबकाची परीक्षा दुकानात उभ्या उभ्या होते. हातात घेतल्यावरही कळतं, कारण टायटॅनियमची घनता पोलादाच्या सहा-दशांशापेक्षा कमी आहे. सोनेरी किंवा निळसर रंग हा पुरावा नाही, तो मुलामाही असू शकतो. पण मुळात इथे टायटॅनियम कशाला? बोल्टांसाठी वापरतात ते चांगलं टायटॅनियमसुद्धा १२.९च्या पोलादाइतकं मजबूत नसतं. काही ग्रॅम वाचवायला सॅडलखालची ताकद कमी करण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत धोक्याची, आणि तिचाच उल्लेख कोणी करत नाही: बोल्टाच्या डोक्यावर आकडाच नव्हता. मिश्र पोलादाच्या अ‍ॅलन (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या) बोल्टावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा दर्जा कोरलेला असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एम५ आणि त्यापुढच्या अ‍ॅलन बोल्टांवर ८.८पासून वरचा दर्जा आणि उत्पादकाची खूण असायलाच हवी. पहिला आकडा शंभराने गुणला की ताणून तुटण्याची मर्यादा मेगापास्कलमध्ये मिळते. दुसरा सांगतो की तिच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो. एम६ बोल्ट तोडायला १२.९च्या दर्जात साधारण अडीच टनांचं ओझं लागतं, ८.८मध्ये दीड टनाच्या थोडं वर, स्टेनलेसच्या ए२-७० या दर्जात दीड टनाच्या किंचित खाली, आणि ४.८च्या मऊ बोल्टाला जेमतेम पाऊण टनाच्या वर. दिसायला चौघेही सारखेच. म्हणून आकडा नसलेला बोल्ट सॅडलखाली लावून घेऊ नका, मग तो कितीही चकचकीत असो. १२.९वर नंतर चढवलेल्या चकचकीत मुलाम्यापासूनही सावध राहा. मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट आवळल्यावर काही तासांनीही अचानक तुटू शकतो. चकचकीत मुलामा नसलेला काळाच घ्या, वर ग्रीस लावा.

खरा बोल्ट मिळवणं अवघड नाही. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, किंवा तुमच्या गावातलं नटबोल्टचं कुठलंही चांगलं दुकान, एम६चा १२.९ अ‍ॅलन बोल्ट काही रुपयांत सुटा मिळतो. जुने दोन्ही तुकडे सोबत न्या. लांबी डोक्याच्या खालून टोकापर्यंत मोजतात, डोकं धरून नाही. एम६चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, एम५चा ०.८, एम८चा १.२५. लांबी चुकली तर दोन्हीकडून नुकसान. आखूड बोल्ट नटात पुरता शिरत नाही आणि आटे खेचून काढतो. पोलादी नटात किमान व्यासाइतका, अ‍ॅल्युमिनियममध्ये दीडपट तरी शिरलाच पाहिजे. लांब बोल्ट तळाला टेकतो: टॉर्क पाना (आवळण्याचा ठरलेला जोर, म्हणजे टॉर्क, आला की कळवणारा) ‘टक्’ करतो, आपल्याला वाटतं घट्ट झालं, आणि रेल मात्र मोकळ्याच राहतात.

डोक्याखालचा गोलाकार बसणारा वॉशर हरवू देऊ नका. वर सांगितलेल्या प्रकरणात त्याच्या जागी साधा चपटा वॉशर घातलेला होता. सॅडलचा कोन बदलला की बोल्ट तिरका होतो. गोल वॉशर तो तिरकेपणा पोटात घेतो. चपट्या वॉशरवर बोल्ट वाकतो, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक पुन्हा पुन्हा वाकून थकतो. तुटलेला पृष्ठभाग नीट पाहा. एका कडेला गुळगुळीत, बारीक रेषांचा भाग आणि उरलेला खडबडीत असेल, तर बोल्ट थकून तुटला. ते बहुतेकदा सैल राहिल्यामुळे किंवा वाकल्यामुळे होतं. तिथे दुकानदाराने ‘तुम्ही जास्त आवळला’ म्हटलं तर मानू नका. हे तुकडे परत मागायचे ते यासाठीच.

बसवताना आट्यांना, डोक्याखाली आणि नटाच्या बाहेरून ग्रीस लावा. रेल आणि क्लॅम्पची पकड कोरडी ठेवा. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळा. शेवटचा टॉर्क क्लॅम्पवर छापलेला असतो तोच. एम५ कॉलरला साधारण ५ न्यूटन मीटर, कार्बन सीटपोस्ट असेल तर छापलेल्या मर्यादेहून जास्त कधीच नाही. कार्बन सीटपोस्टवर ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते. पहिल्या फेरीनंतर टॉर्क पुन्हा तपासा, कारण क्लॅम्प थोडा बसतो.

काम दुकानातच करून घेणार असाल तर सुरू होण्याआधी सांगा: तुटलेले तुकडे परत हवेत, नव्या बोल्टाचं डोकं बसवण्यापूर्वी दाखवा, आणि बिलावर ‘एम६, १२.९’ किंवा जे असेल ते लिहा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार करताना बोल्टाच्या डोक्याचा जवळून काढलेला फोटो, चुंबकाला चिकटलेल्या बोल्टाचा फोटो आणि पैसे दिल्याची यूपीआयची नोंद जोडा.