घरात काटा होता, तरी पत्रा तोलला नाही

1,17,600 रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण आजवर ज्याला सांगितलं त्यानं पहिला प्रश्न हाच केला, "कितीनं बुडाले?" घरावर टिनाचे पत्रे टाकायच्या कामात एवढ्यानं बुडालो. वर दुरुस्तीचे 38,280. पेरणीसाठी राखलेलं घरचं सोयाबीन, 90 किलो, तीन एकराचं बियाणं, भिजून कुजलं ते वेगळंच.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या अंगाला. भिंती मागेच विटांच्या करून घेतल्या होत्या, वर मात्र आजोबांच्या वेळचे मातीचे कवेलू आणि ते पेलणारे सागवानी फाटे. कवेलू फेरणारी माणसं आता मिळत नाहीत. मिळाली तरी वानरांची टोळी एका सकाळीत सगळं फोडून जाते. जानेवारीत 21 क्विंटल कापूस 7,000 च्या भावानं गेला, 1,47,000 हातात आले, आणि या वर्षी टिन टाकायचंच असं ठरलं.

ठेकेदार परका नव्हता, हे मी प्रत्येकाला सांगतो. मामेभावाच्या सासरवाडीत त्यानं दोन घरं केली होती. तालुक्याच्या गावी दुकान, स्वतःचा टेम्पो, बोलणं गोड. "भाऊ, घरचंच काम समजा." रंगीत पत्र्याचा हातभर तुकडा घेऊन आला, अर्ध्या मिलिमीटरचा. मी वाकवून पाहिला, वाकेना. 35 फूट लांब घर, दोन्ही पाखी 12 फुटांची, म्हणजे 840 चौरस फूट. लोखंडी कैच्या (छताचे तिकोनी सांगाडे), पाइप, पत्रे, मजुरी सगळं धरून फुटाला 140 रुपये. भाव मी तीन ठिकाणी विचारला होता. आंधळेपणानं पैसे दिले असं कोणी म्हणू नये.

60,000 रोख, आगाऊ. लोखंड उतरलं त्या दिवशी 40,000 फोनपेवर, तेही त्याच्या साळ्याच्या खात्यात, कारण "माझं खातं बँकेनं अडकवलं आहे". उरलेले 17,600 काम संपलं त्याच संध्याकाळी. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल पाहिजे असेल तर 18 टक्के जीएसटी वर द्या. मी चिठ्ठीवर भागवलं. त्या चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना जाडी, ना सही. पक्कं बिल नाकारतो त्याच्याकडून खिळासुद्धा घेऊ नका.

आता ती सकाळ सांगतो, कारण झोप लागत नाही ती तिच्यामुळे. टेम्पो दारात लागला. 22 पत्रे, प्रत्येकावर 0.50 छापलेलं स्टिकर. सतरा-अठरा वर्षांचं एक पोरगं तीन-तीन पत्रे एकदम डोक्यावर घेऊन चाललं होतं, मानसुद्धा न वाकवता. अर्ध्या मिलिमीटरचा 12 फुटी पत्रा साडेसतरा किलोच्या आसपास भरतो. तीन म्हणजे बावन्न किलो. ते पोरगं पन्नास किलोचं नव्हतं. आई ओट्यावर तूर पाखडत होती. ती म्हणाली, "हे टिनं कागदावानी काहून वाजून राह्यले रे बाबू?" मी म्हणालो, नवीन आहे, वाजणारच. आणि तिच्या डोक्यावर, दाराच्या आढ्याला, काटा लटकत होता. वेचणीच्या दिवसांत बायांनी आणलेला कापूस रोज संध्याकाळी मी त्याच काट्यावर किलोकिलोनं मोजून मजुरी देतो. एक पत्रा बांधून लटकवायला दोन मिनिटं लागली असती.

बियाण्याच्या पिशवीचं सील मी पाहून घेतो, कृषी केंद्राची पावती वर्षभर डब्यात जपून ठेवतो. एका पिशवीला एवढं, आणि सव्वा लाखाच्या छताला काही नाही.

चढवणं दीड दिवसात उरकलं. आमच्याकडचा पाऊस बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून मारतो. म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकाकडून लावत यायचे, म्हणजे वरच्या पत्र्याची कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. यांनी पश्चिमेकडून सुरुवात केली, कारण विजेचा बोर्ड त्या बाजूला होता. त्यामुळे प्रत्येक सांध्याचं तोंड पावसाकडे. आडवे पाइप पाच-पाच फुटांवर. स्क्रू एक गोट (पत्र्याचा उभा उंचवटा) सोडून नाही, दोन-दोन गोट सोडून, आणि मशीननं एवढे दाबलेले की रबरी वॉशर चिरडून बाहेर आले. कैच्यांचे पाय भिंतीत बोल्टनं धरलेच नव्हते, विटांचे तुकडे आणि पातळ सिमेंट लावून बसवले होते. हे मला नंतर दुसऱ्या वेल्डरनं एक-एक दाखवलं. तेव्हा मी खालून पाहत होतो आणि मजुरांना चहा देत होतो. तुमच्या घरी काम चालू असेल तर शिडी लावून वर चढा. कापलेल्या लोखंडाचा चुरा पत्र्यावर राहिला असेल तर त्याच दिवशी झाडायला लावा, पहिल्या पावसात तिथेच गंज धरतो.

जुने फाटे "मलबा उचलून नेतो, पैसे घेत नाही" म्हणून तोच घेऊन गेला. चौदा सागवानी फाटे. गावातला सुतार म्हणाला, 25,000 च्या खाली गेले नसतील. आजोबांनी घर बांधलं तेव्हाचे फाटे होते ते. आईनं अजून मला यावर एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच सोसत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात रात्री वादळ आलं. नऊ पत्रे आणि एक कैची गेली. एक पत्रा शेजाऱ्याच्या गोठ्यात पडला, त्यांच्या गोऱ्ह्याची पाठ चिरली, डॉक्टरचे 1,200 मी भरले. त्याच शेजाऱ्याचं दहा वर्षांचं गंजलेलं टिन जागचं हललं नाही. म्हणून "वादळच मोठं होतं" असं ठेकेदार फोनवर म्हणतो ते मी ऐकून घेणार नाही. सकाळी एक पत्रा काट्याला लावला. 11 किलो 800 ग्रॅम. 22 पत्र्यांत सव्वाशे किलो लोखंड कमी दिलं.

पंचनाम्याला तलाठी नवव्या दिवशी आले. तोवर उघड्यावर राहता येत नव्हतं, ताडपत्री टाकली होती, तर म्हणाले छत तर झाकलेलं दिसतं. नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, मागितला. घर अजून वडिलांच्या नावावर, ते जाऊन सहा वर्षं झाली. वारस नोंद करा मग पाहू. नोंदीसाठी ग्रामसेवक, त्यांच्याकडे तीन गावं, मंगळवारी येतात म्हणे. पाच मंगळवार गेलो, दोनदा भेटले.

पोलीस ठाण्यात चार चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी आहे, कोर्टात जा." मी म्हणालो, 0.50 चं खोटं स्टिकर लावून दुसरा माल दिला, ही फसवणूक नाही का, भारतीय न्याय संहितेत कलम 318 कशासाठी आहे? तर मला विचारलं, "तुम्ही वकील का?" तिसऱ्यांदा ठेकेदाराला बोलावलं होतं. तो खुर्चीवर बसून चहा पीत होता, मी दाराशी उभा. "आपसात मिटवून घ्या." चौथ्यांदा अर्जाची पोच मागितली, तीही दिली नाही. सव्वा लाख गेलेल्या माणसाला पोचेचा कागद मिळत नाही, तर त्यानं जावं कुठे? माझा एक पत्रा उचलून काट्यावर टाकायची तसदी एकानंही घेतली नाही. मी पत्रा सोबत नेला होता, बैलगाडीत घालून, आठ किलोमीटर.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथेही पहिला प्रश्न बिलाचा. म्हणून सांगतो, साळ्या-मेहुण्याच्या खात्यावर पैसे टाकू नका, दुकानाच्याच खात्यावर टाका. शेवटचा हप्ता एक पाऊस पडेपर्यंत हातात ठेवा. ज्या दिवशी माल उतरेल त्या दिवशी एक पत्रा तोला आणि काट्याचा आकडा दिसेल असा फोटो काढा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतो आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. चिठ्ठी, फोनपेचा मेसेज, वजनाचे फोटो, दुसऱ्या वेल्डरचं लेखी, एवढं गोळा झालं आहे. याच ठेकेदारानं नदीकाठच्या आणखी दोन गावांत याच उन्हाळ्यात टिन टाकलं आहे. तिथले दोघे भेटले, दोघांनीही पत्रे तोलले, एकाचा 12 किलो भरला, एकाचा 11 किलो 900. आयोगाच्या परवानगीनं आम्हाला एकत्र तक्रार करता येते. ज्यांच्याकडे तशीच बिननावाची चिठ्ठी असेल त्यांनी एक पत्रा उतरवून तोलावा आणि पोळ्याच्या आत आम्हाला येऊन भेटावं.